पॉइंटक्षयाचे अर्थशास्त्र : कोंडाणे परिसराच्या विशेष संदर्भासह

सुपरमार्केटच्या योजनेतील पॉइंट म्हणजे ग्राहकाने केलेल्या खरेदीच्या प्रमाणात दुकानाने त्याच्या मोबाइल क्रमांकावर जमा केलेली, पैशासारखी दिसणारी पण पैशासारखी न वागणारी, आणि ठरावीक मुदतीत न वापरल्यास आपोआप रद्द होणारी सवलत होय. या व्याख्येतील पहिल्या दोन अंगांचा जाहिरातींतून भरपूर ऊहापोह झाला असला, तरी तिसऱ्या अंगाकडे, म्हणजे मुदतीकडे, अभ्यासकांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. 'आपले 412 पॉइंट 31 मार्च रोजी लॅप्स होत आहेत' असा संदेश येईपर्यंत ज्या कुटुंबाला आपल्या नावावर अशी काही मिळकत आहे याचा पत्ताही नसतो, तेच कुटुंब त्या घटकेपासून सावकाराची नोटीस आल्यासारखे खडबडून जागे होते आणि उरलेल्या चार दिवसांत ती मिळकत कशी वसूल करावी याच्या चिंतेत पडते.

या विषयाच्या अभ्यासासाठी कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे ठिकाण निवडण्यास सबळ कारण आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीत कोरलेली येथील बौद्ध लेणी ख्रिस्तपूर्व काळातील असून, तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढाच त्याचा आशय. बलकाने केलेल्या कामाची नोंद अशा रीतीने कातळावर झाली आणि दोन हजार पावसाळे, तेही भोर घाटाच्या तोंडाशी कोसळणारे, अंगावर घेऊनही ती अद्याप वाचता येते. या नोंदीला मुदत नव्हती, तिच्याखाली बारीक अक्षरांत अटी व शर्ती नव्हत्या आणि ती टिकवण्यासाठी बलकाला दर सहा महिन्यांनी एकदा तरी लेण्यात येऊन काही खरेदी करणे बंधनकारक नव्हते.

प्राचीन महाराष्ट्राला पॉइंटांसारख्या संचयाची कल्पना अपरिचित होती असे मात्र समजण्याचे कारण नाही. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा जो लेख आहे, त्यात त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवल्याचे नमूद आहे. अक्षयनीवी म्हणजे जिच्या मुद्दलाला हात लावायचा नाही आणि केवळ व्याज वापरायचे अशी कायम ठेव. त्यांपैकी 2000 कार्षापणे विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने गुंतवली होती. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणे चिवरासाठी मिळावीत अशी व्यवस्था होती. हिशेब करून पाहता 2000 वर वर्षाला 240 येतात, ते वीस जणांना बारा-बारा पुरतात आणि एक कवडीही उरत नाही. इतका चोख हिशेब आजच्या कोणत्याही पॉइंट-योजनेत आढळत नाही, कारण आजच्या योजनेचा सगळा नफाच मुळी उरणाऱ्या कवडीत असतो. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पुण्य संपताच स्वर्गातल्या जीवांना मर्त्यलोकी परतावे लागते असे सांगितले असले, तरी तेथेही पुण्य भोगून संपते, न भोगता तारीख उलटल्यामुळे रद्द होत नाही. चित्रगुप्ताची वही या बाबतीत सुपरमार्केटच्या संगणकापेक्षा बरीच उदार म्हणावी लागेल.

आधुनिक काळातील या योजनांची वंशावळ थोडक्यात सांगता येते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे 1844 मध्ये कामगारांनी सहकारी दुकान काढले आणि नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटण्याचा पायंडा पाडला. 1948 मध्ये मुंबईच्या नायगावात कामगार वस्तीतून उभा राहिलेला 'अपना बाजार' हे त्याच सहकारी विचाराचे मराठी भावंड. अमेरिकेत 1896 पासून दुकानदार गिऱ्हाइकांना हिरवे स्टॅम्प देऊ लागले, जे वहीत चिकटवून पुढे वस्तूंच्या बदल्यात देता येत. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजण्यास सुरुवात केली, 1995 मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने क्लबकार्ड काढले आणि एप्रिल 2022 मध्ये टाटांनी एक नाणे बरोबर एक रुपया असा सुटसुटीत भाव ठरवून आपली योजना आणली. या सगळ्या प्रवासात घडलेला खरा बदल असा, की रॉचडेलमध्ये नफ्याचा वाटा हा सभासदाचा हक्क होता, तर आज तो दुकानाने गिऱ्हाइकावर केलेला उपकार आहे, आणि उपकाराला मुदत घालता येते.

ही मुदत केवळ व्यवस्थेच्या सोयीसाठी असते असा एक भाबडा समज आहे. भारतात 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेल्या 115 क्रमांकाच्या लेखामानकानुसार, म्हणजे कंपन्यांनी हिशेब कसे मांडावेत याच्या नियमानुसार, पॉइंट दिले की विक्रीच्या रकमेतील तेवढा भाग ताबडतोब उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. तो गिऱ्हाइकाचे देणे म्हणून बाजूला ठेवावा लागतो आणि पॉइंट वापरले गेले, किंवा ते रद्द झाले, की मगच उत्पन्नात येतो. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत याचा अंदाजही कंपनी पूर्वानुभवावरून आधीच बांधते. याचा सरळ अर्थ असा, की कोंडाण्यातील एखाद्या आजीबाई आपले पॉइंट विसरून जाणार आहेत हे आजीबाई विसरण्यापूर्वीच कुठल्यातरी ताळेबंदात जमेस धरलेले असते, आणि त्यांचे विसरणे ही एक मोजलेली, लेखापरीक्षकाने तपासलेली, भागधारकांच्या उपयोगी पडणारी घटना असते.

स्थानिक बाजारात निष्ठेचा मोबदला देण्याची रीत यापेक्षा फार निराळी आहे. मे संपता संपता पहिल्या वळवाच्या सरी पडल्या, की ठाकर आणि कातकरी बायका डोंगरातून शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. शेवळ ही जमिनीतून कोंबासारखी वर येणारी रानभाजी चवीला उत्तम असली तरी नुसती शिजवली तर घसा असा खाजवते की जेवणारा ताटावरून उठतो, आणि ही खाज मारण्यासाठी तिच्यात काकडं नावाची आंबट रानफळे घालावी लागतात. म्हणून जुडीबरोबर मूठभर काकडं पिशवीत पडतात. ओळखीचे गिऱ्हाईक असले तर मूठ थोडी मोठी होते. ही निष्ठा-योजना जागच्या जागी वसूल होते, तिला मोबाइल लागत नाही, आणि तिचा लाभ घेण्यास विलंब केल्यास काय होते हे घसाच सांगतो. गावातल्या वाण्याची रीत याच्या अगदी उलट टोकाची असते. त्याच्या लाल कापडी वहीत जमा होणारे पॉइंट गिऱ्हाइकाचे नसून वाण्याचे असतात, त्यांना उधारी म्हणतात, आणि ते कधीही लॅप्स होत नाहीत.

सुपरमार्केटचे पॉइंट वसूल करण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिची गहनता लक्षात येत नाही. साधारण व्यवहार असा, की 100 रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटचे मोल 25 पैसे धरले जाते; म्हणजे वर उल्लेखिलेल्या 412 पॉइंटांमागे 41,200 रुपयांची खरेदी उभी असते आणि त्यातून हाती 103 रुपये येतात. हे 103 रुपये सोडवण्यासाठी मार्चच्या अखेरच्या रविवारी भर उन्हात कोंडाण्याहून कर्जतपर्यंत यायचे, तर रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडेच त्याहून अधिक होते. परंतु भाड्याचा विषय काढणाऱ्याला घरात कद्रू ठरवले जात असल्याने तो सहसा कोणी काढत नाही. काउंटरवर पोहोचल्यावर कळते की किमान 500 रुपयांचे बिल झाल्याखेरीज पॉइंट वापरता येत नाहीत, आणि टोपलीतले सामान भरते 438 रुपयांचे. "अहो, साठ-सत्तर रुपयांचं काहीतरी बघा ना पटकन," असे पत्नी म्हणते, मागे रांग वाढत असते, आणि पती जवळच्या फळीवरून हाताला लागेल ती बाटली उचलून आणतो. ती खारवलेल्या ऑलिव्हची निघते, तिची किंमत 245 रुपये असते, आणि "आता हे कोण खाणार?" या प्रश्नाला "असू दे, पॉइंटात जातंय," असे उत्तर मिळते, जे हिशेबाच्या दृष्टीने साफ चुकीचे असले तरी त्या क्षणी दोघांनाही पटते.

यानंतर ओटीपीचा टप्पा येतो. ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा, काही मिनिटांत बाद होणारा सांकेतिक आकडा. अर्थात पॉइंटांच्या मुदतीच्या पोटात आणखी एक चिमुकली मुदत. योजनेत नाव नोंदवताना क्रमांक दिलेला असतो मुलाचा, कारण तेव्हा घरात त्याचाच फोन चांगला होता, आणि मुलगा नेमका त्या वेळी मुंबईहून येणाऱ्या लोकलमध्ये नेरळ आणि भिवपुरी रोड यांच्या दरम्यान, रेंज जाते-येते अशा अवस्थेत असतो. आकडा मिळेपर्यंत तो बाद होतो, दुसरा मागवावा लागतो, मुलगा घाईत पहिलाच पुन्हा सांगतो, आणि काउंटरवरची मुलगी अशा अनुभवातून नेहमी जात असल्याने चेहऱ्यावरची रेषही हलू न देता पुढच्या गिऱ्हाइकाचे दूध आणि पाव बाजूच्या यंत्रावर घेते.

ऑलिव्हची ती बाटली घरच्या फ्रिजच्या दारात जाऊन बसते आणि पुढील कित्येक महिने तिला कोणी हात लावत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर निघते तेव्हा तिच्यावरची तारीख उलटून गेलेली असते. या निरीक्षणावरून एक नियम मांडता येतो, ज्याला मुदतीच्या अविनाशित्वाचा नियम म्हणावयास हरकत नाही: मुदत नष्ट करता येत नाही, ती पॉइंटांवरून फक्त वस्तूवर ढकलता येते. लगबगीने वाचवलेले पॉइंट आणि लगबगीने घेतलेली वस्तू यांच्या मुदतींत अंतर असते ते सहा-आठ महिन्यांचे, आणि तेवढे दिवस फ्रिजमधली जागा मात्र अडून राहते.

पॉइंट साठवत राहावेत, एकदम मोठी वस्तू घ्यावी, असे मानणारा एक पंथ मुंबईहून शनिवार-रविवारी येथील फार्महाउसांवर येणाऱ्या मंडळींत विशेष प्रबळ दिसतो. त्यांच्या मनाची घडण समजून घेण्यास अमेरिकेतील न्यून्स आणि ड्रेझ या संशोधकांचा 2006 मधील प्रयोग उपयोगी पडतो. गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर काही ग्राहकांना आठ शिक्के पूर्ण करण्याचे कार्ड दिले, तर काहींना दहा शिक्क्यांचे, पण त्यातले दोन आधीच मारून. दोघांनाही धुवायच्या गाड्या आठच, तरीही पहिल्या गटातील 19 टक्के आणि दुसऱ्या गटातील 34 टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले. आपण वाटेला लागलो आहोत असे एकदा वाटले की माणूस वाट सोडत नाही, मग ती वाट कोठेही जाईना. संचयवाद्यांचा मिक्सर मात्र बहुधा हुकतो, कारण मिक्सरपुरते पॉइंट जमेपर्यंत सुरुवातीचे पॉइंट गळून गेलेले असतात.

उपाय शोधायचा तर तो कोकणाच्या जुन्या रिवाजातच सापडतो. रायगडात पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचे सामान भरून ठेवण्याची जी आगोट असते, तिच्यात मीठ, साबण, धुण्याची पावडर, काडेपेट्या, मेणबत्त्या अशा पुष्कळ वस्तू मोडतात, ज्या एरवी घ्यायच्याच असतात आणि ज्यांना सुपरमार्केटच्या फळीवर कोणी वाली नसतो. 31 मार्चला संपणारे पॉइंट आगोटीच्या या पहिल्या हप्त्यात घालावेत. पॉइंट मिठाच्या पुड्यात रूपांतरित झाले की मुदतीच्या अविनाशित्वाचा नियमही लटका पडतो, कारण मीठ कोरडे ठेवले तर त्याला मुदत कसली? (राजमाचीच्या पायथ्याशी जुलैत मीठ कोरडे ठेवणे हा अर्थातच स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.) काही दुकाने दूध, साखर, तेल अशा जिनसांवर पॉइंट चालवत नाहीत, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे, रक्कम घरून कागदावर जुळवून आणावी, आणि ज्याच्या क्रमांकावर पॉइंट आहेत त्याला त्याच्या फोनसह सोबत आणावे, नुसत्या फोनवर भागत नाही, कारण पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतो. सुकट आणि बोंबील मात्र पॉइंटांच्या मोहाने सुपरमार्केटमध्ये शोधू नयेत. ते आठवडी बाजारातच घ्यावेत, आणि तेथे पॉइंट मागू नयेत.

शेवटी वारसाहक्काचा प्रश्न उरतो. ज्या तालुक्यात गुंठाभर जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, पुतणे आणि परागंदा झालेला एक मामेभाऊ अशी पंधरा-वीस नावे सहज लागतात, तेथे पॉइंटांना मात्र वारसच लागत नाही; ते बहुतेक योजनांत अहस्तांतरणीय, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर न करता येणारे असतात आणि खातेदाराबरोबरच त्यांची अखेर होते. ही तरतूद कुटुंबांना मान्य नसल्याचे दिसते. वडील जाऊन वर्ष झाले तरी त्यांचे सिमकार्ड ओटीपीसाठी चालू ठेवणारे मुलगे आढळतात, आणि त्या सिमच्या रिचार्जला वर्षभरात लागलेला पैसा वडिलांच्या शिल्लक पॉइंटांच्या मोलाहून कितीतरी पटींनी अधिक आहे, हे घरातल्या सुनेने कॅल्क्युलेटरवर दोनदा दाखवून दिल्यानंतरही रिचार्ज वेळेवर होतो.