चुका, पण नकाशासकट

आडरानात शिरण्याआधी नवशिक्याने टोपोशीट घरच्या पलंगावर पसरावे आणि पंखा बंद करावा. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. जेवणाआधी बोटाने वीस किलोमीटर सहज होतात. पुष्कळांचे शिक्षण इथेच पूर्ण होते.

रायपूरकराची पहिली अडचण अशी की २१ अंश १५ मिनिटांची अक्षांशरेषा नेमकी शहरातून जाते. जुन्या क्रमवारीप्रमाणे स्टेशन ६४ जी/११ वर, बूढातालाब ६४ जी/१२ वर. गाव एक, शीट दोन. दुसरी अडचण जास्त गंभीर. आपला मुलूख परातीसारखा सपाट. वीस-वीस मीटर उंचीला एक तपकिरी समोच्चरेषा, आणि ती शोधायला भिंग लागते. असल्या शीटवर सराव करून ‘समोच्चरेषा जमल्या’ असे जाहीर करू नये. त्यासाठी बारनवापाऱ्याच्या बाजूचे शीट घ्यावे. रेषा दाटल्या की पोटऱ्या भरणार. रेषांची टोके चढाकडे वळली तर नाला, उताराकडे वळली तर सोंड. (अभयारण्यात मात्र वाट सोडून पायी हिंडता येत नाही. बाहेरच्या रानातही वनखात्याला विचारून आणि गावातला माणूस सोबत घेऊनच जावे.)

होकायंत्र मोबाइलपासून लांब धरावे. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्याही आत आहे, तेव्हा त्यावर सोबत्यांना व्याख्यान देऊ नये.

खरी परीक्षा पायवाटेची. नकाशात एक तुटक रेघ, समोर तीन वाटा. नवशिक्या सगळ्यांत मळलेली वाट धरतो. मार्च-एप्रिलात ती मोहफुले वेचणाऱ्यांनी मळलेली असते. ऐटीत वळणे घेत जाते आणि पाचोळा जाळून साफ केलेल्या काळ्या गोलात, मोहाच्या बुंध्याशी संपते. पुढे काही नाही. तिथे बसून डबा सोडू नये, मोहफुले अस्वलालाही आवडतात. कुणी भेटलेच तर अंतर विचारू नये. ‘एदे तीर म हे’ म्हणजे अगदी जवळच, पण कुणाच्या पायांनी ते सांगत नाहीत. त्यापेक्षा नाला कुठल्या हाताला ठेवायचा ते विचारावे, आणि तो गावरस्त्याला मिळेपर्यंत सोडू नये.

यानंतर एक क्षण हमखास येतो. समोर नाला असतो, नकाशात नसतो, आणि गटाचा म्होरक्या ठामपणे म्हणतो, “सर्व्हेवालेच चुकलेत.” १८०२ मध्ये मद्रासेहून त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन वीस वर्षे त्यातच खपले आणि १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना हिंगणघाटला वारले. त्या खात्याने नाला गाळला असा निकाल देण्याआधी म्होरक्याच्या हातातले शीट बघावे. उत्तर दिशा बहुधा त्याच्या पोटाकडे असते.