खर्जाचा खर्च

माणसाने आयुष्यात एकदा तरी सबवूफर घ्यावा. घराचे हप्ते फिटल्यावर, मुलं मार्गी लागल्यावर आणि कान उतरणीला लागल्यावर घेतला तर फारच उत्तम. आमच्याकडे तो आला तेव्हा पुण्यातला आमचा दिवाणखाना दहा बाय बारा फुटांचा होता. अजूनही तेवढाच आहे, फक्त पाहुणे आता बाहेर जिन्यात बसतात.

मला बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकायच्या होत्या. 1925च्या आधीचं ध्वनिमुद्रण म्हणजे कर्ण्यासमोर उभं राहून गाणं, आणि त्या कर्ण्याला साधारण दीडदोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं कळत नसे. सबवूफरची ड्यूटी सुरू होते ऐंशीच्या खाली. म्हणजे दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. गंधर्वांच्या गाण्यात इतकी कमी लुडबूड करणारं यंत्र बाजारात दुसरं मिळालं नसतं.

काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या बुवांच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास लागते. त्याच्या खाली आपल्या संगीताची फारशी वस्ती नाही. माझा वूफर 22पर्यंत उतरतो, असं खोक्यावर छापलं आहे. म्हणजे 69पासून 22पर्यंतचा सगळा टापू माझ्या एकट्याच्या मालकीचा, आणि ओसाड. पुण्यात एवढी मोकळी जागा आज कोणाकडे आहे?

दुकानदार भला माणूस. "साहेब, आठ इंची नेलात तर सहा महिन्यांत बारा इंचीसाठी परत याल," म्हणाला. शास्त्र त्याच्याच बाजूने होतं. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर चौपट हवा हलवावी लागते. शहाण्या माणसाने यावरून वरच्या सप्तकात राहायचं ठरवलं असतं. मी पाकीट काढलं.

आता 20 हर्ट्झची लाट असते सतरा मीटर लांब आणि आमची खोली साडेतीन मीटरची. पण ज्या खोलीत मुंजीचे चाळीस पाहुणे झोपले, तिथे एका लाटेचं काय एवढं! फक्त ती मुकाट बसत नाही. भिंतींवर आपटून परत येते, आणि 47 हर्ट्झच्या आसपास खोली आपणहून गायला लागते. समोरासमोरच्या दोन भिंतींपाशी दणदणाट, मधोमध शुकशुकाट. माझी खुर्ची मधोमध आहे. घरात सर्वांत कमी बेस घराच्या मालकाला मिळतो, ही व्यवस्था मला ओळखीची वाटली.

यावर जाणकारांनी मान्य केलेला उपाय आहे. वूफर आपल्या खुर्चीत बसवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे बेस नीट लागेल, तीच वूफरची जागा. यंत्र सिंहासनावर आणि मालक गुडघ्यांवर, असा रविवारभर कार्यक्रम चालला. नातवाने रांगण्यात उत्तम साथ केली. तो या विद्येत माझ्या बराच पुढे आहे. सौ. दारात आली. "अहो, काही हरवलंय का?" "बेस," मी म्हणालो. बिचारी पदर खोचून सोफ्याखाली शोधू लागली.

शेवटी तो सापडला देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात. तेव्हापासून घंटा आपोआप किणकिणते, आणि आळीतल्या दोन आजी दर्शनाला येऊन गेल्या.

खालच्या मजल्यावरचे काका मात्र छातीवर हात ठेवून वर आले. खालचे सूर भिंत मानत नाहीत. मला न मिळणारा बेस त्यांना बेडरूममध्ये घरपोच मिळत होता, तोही फुकट. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मीटर आणला. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, पण ती मोजायची 'ए' भारांकाने. त्यात 50 हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलनी कमी धरतात, 20 हर्ट्झचा पन्नासनी. काकांच्या कपाटातली भांडी थडथडत होती आणि कायद्याला काही ऐकू येत नव्हतं. गणपतीत डीजेच्या भिंतींविरुद्धच्या अर्जावर पहिली सही माझीच असते, हे काकांनी उगाच मध्ये आणलं. तो गोंगाट. हा व्यासंग.

महिनाभर एक गोष्ट मात्र मी तल्लीन होऊन ऐकली. गाणं थांबलं तरी मागे अखंड, गंभीर, किंचितही न ढळणारा षड्ज राहायचा. मी डोळे मिटून मान डोलवायचो. पुढे वायरमनने पाहून सांगितलं की अर्थिंगला दोन वाटा झाल्या आहेत आणि घरातली वीज वूफरमधून घुमते आहे. वीज आपल्याकडे 50 हर्ट्झची असते. एवढ्या खाली, एवढं सुरेल, माझ्या संग्रहात दुसरं काही नाही. मी त्याला चहा देऊन परत पाठवला.

खुर्चीपाशी अजून शुकशुकाटच आहे. त्याचं कारण वूफर जास्त झाला हे नसून कमी पडला हे आहे. एकाने सोडलेले खड्डे दुसरा भरतो, आणि चारही भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तर बेस खोलीभर बराच सारखा पसरतो, असं संशोधनच झालेलं आहे. उरलेल्या तिघांची ऑर्डर दिली आहे. एका भिंतीच्या मध्यावर सध्या फ्रिज आहे. चालू स्थितीत, दोन दारांचा. कुणाला हवा असल्यास कळवावे. न्यायला येताना घंटा वाजवू नये, ती वाजतच असते.