हिशेब मागा, गळा दाबू नका

युरोपीय महासंघात जायचं म्हणणारं सरकार आपल्याच देशातल्या संस्था-संघटनांच्या हात धुऊन मागे लागलं, की ओळखावं, त्याला युरोपात जायचं नाही. जॉर्जियाने हे जगासमोर सिद्ध केलं आहे. तरीही 'संस्थांना परदेशी पैसा मिळतो' एवढं म्हटलं की भलेभले मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारायचा विसरतात. तो प्रश्न असा : हिशेब कोण मागतंय, आणि कशासाठी?

40 लाखांच्याही आतल्या वस्तीचा हा काळ्या समुद्राकाठचा देश. आपल्याकडच्या अनेक घरांना त्याची राजधानी तिबिलिसी माहीत झाली ती मुलामुलींच्या मेडिकलच्या प्रवेशामुळे. मार्च 2022 मध्ये जॉर्जियाने महासंघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला, डिसेंबर 2023 मध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. युरोपशी एकरूप होण्यासाठी झटावं, असं त्यांची राज्यघटनाच 78व्या कलमात सरकारला बजावते. एकामागून एक पाहण्यांमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास लोक सदस्यत्वाच्या बाजूने कौल देत आले आहेत. म्हणजे घटना युरोपच्या बाजूने, जनता युरोपच्या बाजूने. आडवं आलं ते सरकार.

जून 2022 मध्ये महासंघाने जॉर्जियापुढे 12 कामांची यादी ठेवली. निर्णयप्रक्रियेत नागरी संस्थांना सामावून घ्या, हे त्यातलं एक काम. ही अट शोभेची नव्हती. सदस्यत्वाच्या वाटाघाटींत 35 प्रकरणं असतात. न्यायालयं, पोलिस, सरकारी खरेदी, पर्यावरण, सगळं त्यात येतं. कायदा कागदावर झाला की सरकार 'पूर्तता झाली' असा अहवाल धाडतं. पण तालुक्याच्या कोर्टात गरिबाला वकील मिळतो का, मतदान केंद्रावर दमदाटी होते का, हे ब्रसेल्समधल्या महासंघाच्या अधिकाऱ्याला कुठून कळणार? ते तिथे जाऊन बसणारी, नोंदी ठेवणारी, खटले लढवणारी माणसं सांगतात. ती गप्प झाली की सरकार स्वतःच पेपर लिहिणार आणि स्वतःच तपासणार.

नेमकं हेच सत्ताधारी 'जॉर्जियन ड्रीम' पक्षाला हवं होतं. मार्च 2023 मध्ये 'परकीय प्रभावा'चं विधेयक आलं, लोक रस्त्यावर उतरले, सरकारने माघार घेतली. वर्षभराने तेच विधेयक मागच्या दाराने परत आलं. 14 मे 2024 रोजी 84 विरुद्ध 30 मतांनी ते मंजूर झालं. राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिशविली यांनी नकाराधिकार वापरला, तो 28 मे रोजी संसदेने मोडून काढला. ज्या संस्थेचं 20 टक्क्यांहून जास्त उत्पन्न परदेशातून येतं, तिने स्वतःची नोंद 'परकीय सत्तेचं हित साधणारी संस्था' म्हणून करायची, नाहीतर जबर दंड.

या कायद्यातली एक तरतूद जवळून पाहा. तपासणी करणारा अधिकारी संस्थेकडे माणसांची अतिखासगी माहितीसुद्धा मागू शकतो. समजा, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेली बाई एका निवाऱ्यात राहते आहे. तिची फाइल कपाटात आहे : नाव, दुखापती, डॉक्टरांचं टिपण, पोरांच्या शाळेचा पत्ता. ही फाइल सरकारी टेबलावर जाऊ शकते, एवढं कळलं तरी उद्या दुसरी बाई त्या निवाऱ्याचं दार वाजवणार नाही. पैशाचा माग काढायला या फाइलची गरज काय? काहीही नाही. फाइल लागते ती भीती घालण्यासाठी.

परक्यांचं हित साधतात असा शिक्का ज्यांच्यावर मारायचा, त्या संस्था आहेत तरी कोण? 'जॉर्जियन यंग लॉयर्स असोसिएशन' 1994 पासून गोरगरिबांना फुकट कायदेशीर मदत देते. रशियाबरोबरच्या 2008च्या युद्धात ज्यांची घरंदारं गेली, त्यांची बाजू रशियाविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात या संघटनेने मांडली. हे परकीय हित? आणि हा शिक्का मारणारा पक्ष कुणाचा? बिद्झिना इवानिशविली या अब्जाधीशाने तो स्थापन केला, आणि त्यांनी आपली दौलत 1990च्या दशकातल्या रशियात कमावली. देशाचा पूर्व-पश्चिम महामार्ग जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँकेच्या कर्जावर उभा राहिला. तो परदेशी पैसा सरकारला चालतो. वकिलाच्या पगारात आला की लगेच देशद्रोह!

पुढे बुरखाही उरला नाही. 28 नोव्हेंबर 2024 रोजी पंतप्रधान इराकली कोबाखिद्झे यांनी जाहीर केलं, की 2028 अखेरपर्यंत सदस्यत्वाच्या वाटाघाटींचा विषयच घ्यायचा नाही. त्या रात्री तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर लोक जमले, आणि दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री जमतच राहिले. सरकारने एप्रिल 2025 मध्ये फास आणखी आवळला : परदेशी अनुदान घ्यायचं तर आधी सरकारची परवानगी, नाहीतर अनुदानाच्या दुप्पट दंड. जोडीला, परकीय हस्तक म्हणून नोंदणी टाळणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा नवा कायदा. ऑगस्टमध्ये, आंदोलकांना गॅस मास्कसारखं साहित्य पुरवल्याचा ठपका ठेवून सात संस्थांची बँक खाती गोठवली. त्याच महिन्यात बाटुमीच्या पत्रकार मझिया अमाग्लोबेली यांना पोलिस अधिकाऱ्याला थप्पड मारल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. युरोपीय संसदेने विचारस्वातंत्र्यासाठीचा 2025चा साखारोव्ह पुरस्कार ज्या दोघांना दिला, त्यातल्या त्या एक.

आता दुसरी बाजू, तितक्याच स्पष्टपणे. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत एका फटक्यात थांबवली आणि जॉर्जियापासून सर्बियापर्यंत संस्थांची कंबर मोडली. याचा दोष एकट्या वॉशिंग्टनचा नाही. वर्षानुवर्षं देणगीदारांनी दोन-तीन वर्षांचे प्रकल्प दिले, कार्यशाळा मोजल्या, अहवाल गोळा केले. कचेरीचं भाडं, हिशेबनीसाचा पगार, अडचणीच्या काळासाठी गंगाजळी, यांसाठी मात्र हात आखडता घेतला. संस्थाही इंग्रजी प्रस्ताव लिहिण्यात तरबेज झाल्या आणि गावातल्या माणसाकडे वर्गणी मागायला कचरल्या. ज्याने कधी तिथल्या चलनातले दहा लारीही दिले नाहीत, तो संस्थेला आपली कशाला म्हणेल? सरकारच्या अपप्रचाराला जागा मिळाली ती इथे.

सर्बियाही उमेदवार देश. तिथे हेच हत्यार दुसऱ्या हाताने चाललं. नोव्हेंबर 2024 मध्ये नोव्ही साद शहरातल्या रेल्वे स्थानकाचं छत कोसळून 16 जणांचा जीव गेला, विद्यार्थी जाब विचारत रस्त्यावर आले. फेब्रुवारी 2025 मध्ये पोलिस धडकले ते संस्थांच्या कचेऱ्यांवर, अमेरिकी निधीची चौकशी म्हणून. छत कुणाच्या हलगर्जीपणाने पडलं याचा छडा लावायचा सोडून, विचारणाऱ्यांना पैसे कुणी दिले याचा शोध!

युक्रेन या उमेदवार देशाकडे पाहा, म्हणजे फरक कळेल. जुलै 2025 मध्ये तिथे भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांची स्वायत्तता काढून घेणारा कायदा झाला. ऐन युद्धात तरुण पुठ्ठ्याचे फलक घेऊन उभे राहिले, संस्थांनी कलमाकलमाची चिरफाड केली, महासंघानेही डोळे वटारले. 22 जुलैला झालेला कायदा 31 जुलैला दुरुस्त करावा लागला. जिवंत नागरी समाज देशाला युरोपजवळ नेतो तो असा.

आपणही याकडे लांबून बघण्याचं कारण नाही. परकीय देणग्यांचा कायदा आपल्याकडे आणीबाणीत, 1976 मध्ये आला. 2020च्या दुरुस्तीने संस्थांचा प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणला आणि मिळालेला निधी छोट्या संस्थांना पुढे देण्यावर बंदी घातली. त्याआधी 2018 मध्ये राजकीय पक्षांच्या जुन्या परकीय देणग्यांना मात्र थेट 1976 पासून पूर्वलक्षी माफी मिळाली होती. संस्थेला काटेकोर नियम आणि पक्षाला मोकळं रान, हा न्याय तिबिलिसीत चुकीचा असेल तर दिल्लीतही चुकीचाच.

तेव्हा हिशेब जरूर मागा. प्रत्येक संस्थेने आलेला पैसा आणि गेलेला पैसा लोकांसमोर मांडलाच पाहिजे. पण तोच नियम सत्ताधारी पक्षाला, त्याच्या धनिकाला आणि सरकारी ठेकेदाराला लावा. हिशेब तपासणारा सरकारला बांधील नसावा आणि दंडाचं प्रकरण स्वतंत्र न्यायालयात टिकावं. महासंघाने उमेदवार देशांतल्या संस्थांना सरकारच्या हातून न देता थेट पैसा द्यावा, निदान पाच वर्षांसाठी द्यावा, आणि त्यातून कचेरीचा दिवाही जळू द्यावा. संस्थांनी परदेशी देणगीच्या जोडीला गल्लीतली वर्गणी गोळा करायची सवय लावून घ्यावी, रक्कम कितीही लहान असो. आणि जे सरकार या सगळ्याला नकार देऊन नुसता गळा दाबतं, त्याच्या युरोपप्रेमावर कुणी विश्वास ठेवू नये. जॉर्जियाच्या जनतेने तो ठेवलेला नाही.