खडे आणि लिंबे

पनवेल तालुक्यात दोन गुंठे जमीन घ्यावयास निघालेला गृहस्थ तीस वर्षांचे फेरफार उपसतो, सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना भिंगातून न्याहाळतो, वकिलास फी मोजून दप्तराचा शोध घेववितो, आणि इतके करूनही त्याला रात्री झोप लागत नाही. तोच गृहस्थ जुनी मोटार घ्यावयास निघाला, म्हणजे मात्र तिचा रंग, तिच्या काचेपाशी बसविलेला गणपती आणि ‘डॉक्टरांची गाडी आहे साहेब, एकहाती वापरलेली’ एवढ्या तोंडी दस्तऐवजावर बयाणा देऊन मोकळा होतो. एमएच-४६ ची पाटी लावून विक्रीस येणाऱ्या गाड्यांची ही वंशावळ खरी मानली, तर आमच्या गावात रोग्यांहून वैद्य अधिक आहेत, असे अनुमान आरोग्यखात्यास काढावे लागेल.

जॉर्ज अकरलॉफ नामक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने याच व्यवहारावर लिहिलेला निबंध एकामागून एक तीन नियतकालिकांनी नाकारला, आणि त्यांपैकी काहींनी विषय क्षुल्लक असल्याचे कारण पुढे केले. १९७० साली चौथ्याने तो छापला आणि २००१ साली ग्रंथकर्ता नोबेलचा मानकरी ठरला. सिद्धांत असा की, गाडीचे अंतरंग विकणारास ठाऊक असते, घेणारास नसते. म्हणून घेणारा बेताचाच भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा धनी ती विकत नाही, आणि बाजारात उरतात ती लिंबे. (खोडकर गाडीस अमेरिकेत लिंबू म्हणतात. आपण ते चाकाखाली चिरडतो आणि गाडी घरी आणतो.) अकरलॉफ निबंध छापून येण्यापूर्वी वर्षभर दिल्लीत राहून गेले होते, आणि हिंदुस्थानातील बाया तांदळातून त्याच रंगाचे, त्याच आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे वेचीत बसतात, हा दाखला त्यांनी निबंधात आवर्जून घातला आहे. भाताचे आगर म्हणविणाऱ्या आमच्या जिल्ह्यात सूप घेऊन बसलेल्या ज्या आजीकडे आम्ही कधी वळूनही पाहिले नाही, तिच्यामुळे एका परकीयाच्या सिद्धांतास पुष्टी मिळाली.

मोटारींच्या बाजारातील अशी आजी म्हणजे मिस्त्री. पळस्प्यानजीकच्या एका विक्रेत्याकडील पांढऱ्या गाडीवर माझे मन पूर्वीच जडले असल्यामुळे, मी मिस्त्रींना सोबत नेले ते सत्यशोधनासाठी नव्हे, तर संमतीपुरते. ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नसावी. त्यांनी रंगाकडे ढुंकूनही न पाहता प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला.

“इंजिन गरम कसं?”

“मालक सकाळी देवदर्शनाला जाऊन आले,” विक्रेता म्हणाला.

थंड इंजिन सुरू होताना जो धूर सोडते आणि जी खडखड करते, ती एकदा गरम झाल्यावर लपून जाते, हे मला त्या दिवशी कळले. मग तेलाचे झाकण उघडून, तेथून वाफारा भकाभका येतो काय, झाकणाच्या पोटाशी दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर आहे काय, म्हणजे रिंगा गेल्या की तेलात पाणी शिरले, याची चौकशी झाली. टायरच्या कडेवरील चार अंकांवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात जन्मला हे ठरले, आणि चाळीस हजार किलोमीटर दाखविणाऱ्या मीटरापेक्षा गुळगुळीत झालेल्या ब्रेक-पेडलाची साक्ष ग्राह्य धरण्यात आली. सस्पेन्शनच्या परीक्षेस यंत्र लागत नाही. त्यासाठी शासनाने २०११ पासून चौपदरीकरण चालू असलेला मुंबई-गोवा महामार्ग उपलब्ध करून दिला आहे, आणि पळस्प्यापासून कर्नाळ्यापर्यंत जाऊन येताच सैल बुश स्वमुखाने कबुली देतात. एवढ्यावरही मी ‘होईल दुरुस्त’ असे पुटपुटत होतो. तेव्हा मिस्त्रींनी पुढच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी जो भाग कोणी पाहत नाही, त्यावर वाळलेल्या गाळाची आडवी, सरळ, पिवळसर रेघ होती.

“डॉक्टरांची गाडी ना?” मिस्त्री म्हणाले. “पोहत जात असतील व्हिजिटला.”

विक्रेता रागावला नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सोळावे कलम सामान्यतः घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत अशा मताचे आहे, आणि ते न वाचताही विक्रेत्यांस मुखोद्गत असते. बँकेचा बोजा उतरला काय, फॉर्म ३५ कोठे आहे, हे प्रश्न मग विचारण्याची गरजच उरली नाही. परतताना मी मिस्त्रींना पाचशे रुपये दिले आणि व्यापाऱ्यांच्या सचोटीविषयी इतके बोललो, की खांदा वसाहत येईपर्यंत त्यांना तोंड उघडता आले नाही.

पुढे दोन महिन्यांनी माझी स्वतःची बारा वर्षांची मोटार विकावयाची ठरली. पाहावयास येणाऱ्या गृहस्थांनी आदल्या रात्री फोनवर, “बरोबर आमचा माणूस आणतो, चालेल ना?” असे विचारले, तेव्हा या अविश्वासाने मी मनातून दुखावलो, तथापि सकाळी साडेसहास उठून, थंडीत ती जे कण्हते ते परक्यांच्या कानी पडू नये म्हणून, वीस मिनिटे इंजिन चालू ठेवले आणि मग आंघोळीस गेलो. आठाच्या सुमारास फाटक वाजले. त्या गृहस्थांमागून मिस्त्री आत आले, मला नमस्कार केला आणि काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला.

“साहेब, सकाळी कुठं जाऊन आलात?”

“बल्लाळेश्वराला,” मी म्हणालो.