डेक चौदावरचं तपकिरी पाणी

जहाजांचा विमा उतरवण्याचा धंदा लंडनमधल्या एका कॉफीच्या दुकानात वाढला. एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थांचं हे दुकान १६८०च्या दशकात टॉवर स्ट्रीटवर होतं. कप्तान, व्यापारी, जहाजांचे मालक तिथे कॉफी पीत बसत आणि कुठलं जहाज पोचेल, कुठलं बुडेल यावर पैसे लावत. लॉइड्स ही आजची बडी विमापेठ त्या दुकानातून निघाली. म्हणजे दर्यावर्दी माणूस आणि कॉफी यांची सोयरीक सव्वातीनशे वर्षांहून जुनी. एवढ्या काळात या लोकांना बोटीवर कपभर बरी कॉफी करायला जमू नये, हा मी माझा वैयक्तिक अपमान समजतो.

वैयक्तिक अशासाठी की मी माटुंग्यात वाढलो. आमच्या घरी सगळे चहावाले. मला बिघडवलं ते शेजारच्या मामींनी. फिल्टर, डिकॉक्शन, डबरा-टंबलर हे शब्द मला पाढ्यांच्या आधी येत होते. बायकोच्या मते माझ्यात दोनच दुर्गुण आहेत: एक, मी कॉफीबद्दल बोलतो, दोन, मी थांबत नाही. त्यामुळे भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरली तेव्हा तिने स्वेटर घेतले, मी फिल्टर घेतला. सोबत बाजारातून ताजी दळून आणलेली अर्धा किलो पावडर, पीबेरी आणि प्लँटेशन ए, चिकोरी नावापुरती. आणि सुनेने दिलेली विजेची छोटी केटल.

बार्सिलोनाला आम्ही बोटीवर चढलो. बोट कसली, चाळीवर चाळ रचून तिला पाण्यात सोडलेली. सगळ्यांच्या बॅगा केबिनच्या दारात येऊन पडल्या, आमची मोठी बॅग काही येईना. रात्री जेवायच्या वेळी फोन आला: सामान ओळखण्यासाठी खाली या.

खाली म्हणजे अगदी खाली, जिथे गालिचा संपतो आणि पत्रा सुरू होतो. तिथे एका खोलीबाहेर गुन्हेगारांची रांग होती. एका इंग्रज बाईंनी इस्त्री आणली होती, कुणी सुगंधी मेणबत्त्या, आणि एका तरुणाच्या चूळ भरायच्या औषधाच्या बाटलीत रम निघाली होती. बोटीला सगळ्यात मोठी भीती आगीची, त्यामुळे इस्त्री, केटल, मेणबत्ती यांना मज्जाव असतो. हे छापलेलं असतं. आमच्या टूर मॅनेजरने ते वाचूनही दाखवलं होतं म्हणे. तेव्हा मी बहुधा कॉफीबद्दल बोलत होतो.

पहाऱ्यावरचा शिपाई नेपाळी होता. त्याने मला एक्स-रेचं चित्र दाखवलं. एकावर एक बसवलेली दोन धातूची नळकांडी, मध्ये जाळी, आत दांड्याची चकती, शेजारी वायर असलेलं उपकरण, आणि या सगळ्याला खेटून हिच्या परकरात गुंडाळलेलं अर्धा किलो तपकिरी चूर्ण. खरं सांगतो, ते चित्र पाहून माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

"अंकल, ये क्या चीज है?"

मी प्रात्यक्षिक दिलं. वरचं भांडं, खालचं भांडं, ही छत्री, हिने पावडर दाबायची, फार दाबायची नाही, वरून उकळतं पाणी, मग झाकण, मग धीर. त्याच्या साहेबाने चूर्णाचा वास घेतला, दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. रांग खोळंबली. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, मलाही वास द्या. एवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी चालला होता, तो दारातच थबकला. आत आला, फिल्टर उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि ओरडला, "कुकुमेला!"

तो होता इंजिन खात्यातला, गाव नेपल्स. नेपल्सच्या घराघरांत पूर्वी असंच दुमजली भांडं असायचं. फरक इतकाच की ते खालून तापवायचं आणि पाणी उकळलं की अख्खं उलटं करायचं, मग वरचं पाणी पावडरीतून खाली झिरपतं. त्याच्या आजीकडे होतं. त्याने सुरक्षावाल्यांना इटालियन हातवाऱ्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण फिल्टर सुटला. पावडर सुटली. केटल अडकली. तिची रीतसर पावती मिळाली. सहल संपताना परत मिळेल म्हणे. वर येताना लिफ्टमध्ये ही एकच वाक्य बोलली, "अहो, तुमचं मेलं सगळं सुटलं, आणि माझी केटल तेवढी गेली."

फिल्टर आहे, पावडर आहे, उकळतं पाणी नाही. या अवस्थेत मी डेक चौदावरच्या फुकट कॉफीकडे वळलो.

तिथे चकचकीत यंत्रांची ओळ होती. एकेका यंत्रावर एस्प्रेसो, कापुचिनो, अमेरिकानो अशी बटणं. मी सगळी दाबून पाहिली. एकाच तोटीतून एकच द्रव कमीजास्त फेसासकट येत होता. यात बिया दळल्या जात नाहीत. कारखान्यात तयार केलेला घट्ट अर्क पिशवीत भरून येतो आणि यंत्र त्यात गरम पाणी मिसळतं, बस. हजारो माणसं एका तासात नाश्त्याला येतात म्हटल्यावर व्यवस्थापनाला ही सोय परवडते, हे कळतं. पण मग तिला कॉफी म्हणू नये. पाचव्या डेकवर खऱ्या यंत्राची, खऱ्या बियांची कॉफी होतीच. एका कपाला चारेक डॉलर आणि वर १८ टक्के सेवाशुल्क. सगळं खाणंपिणं समाविष्ट असलेल्या सहलीत कॉफीला वेगळे पैसे मोजणं माझ्या तत्त्वात बसत नाही. या तत्त्वाला घरात दुसरं नाव आहे.

मार्सेला टेकडीवर एक देखणं चर्च आहे, वारा फार.

डेक चौदावर चहासाठी गरम पाण्याचा नळ होता. स्टीलचा टंबलर भरून मी केबिनकडे निघायचो. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची, पोहण्याच्या कपड्यातली ओली माणसं आत यायची, पाण्याकडे आणि माझ्याकडे बघायची. सहाव्या डेकवर पोचेस्तोवर पाणी अंघोळीच्याही लायकीचं राहायचं नाही. फिल्टरने तोंड मिटलं ते मिटलं. तासाभराने खाली चमचाभर गढूळ काहीतरी जमलं. तेव्हा मी ठरवलं की मोहम्मदाने डोंगराकडे जावं.

जेनोव्हा बंदरात बोट लागली त्या सकाळी, लोक कोलंबसचं गाव बघायला उतरत असताना, मी नाश्त्याच्या हॉलमध्ये नळाशेजारचं टेबल धरलं. फिल्टर लावला, दाबून पावडर भरली, नळाखालीच पाणी ओतलं, झाकण घातलं. थेंब पडायला लागले. टप, टप. मला गहिवरून आलं. वीस मिनिटं तरी हवीत, तोवर दूध घेऊन येऊ म्हणून उठलो. दूध म्हणजे खोलीच्या तापमानाला महिनोन् महिने टिकणारं, छोट्या डबीतलं, झाकण सोलून काढायचं. चार डब्या सोलून परत आलो तर टेबल लख्ख. नवा पांढरा रुमाल, नवे काटेचमचे. फिल्टर गायब.

या बोटींवरच्या वाढप्यांची तत्परता जगप्रसिद्ध आहे. तुम्ही शिंकायला वळलात तर ताटली जाते. मी एकाला पकडलं, तो फिलिपिनो. त्याने दुसऱ्याला बोलावलं, तो इंडोनेशियाचा. दोघांनी मिळून मला नवीन कॉफी आणून दिली. यंत्रातली. मी हातवारे केले. त्यांनी साखर आणली. शेवटी टूर मॅनेजरला फोन केला. डोंबिवलीचा पोरगा, कोलंबसच्या घरासमोर वीसजणांना घेऊन उभा होता. "काका, हरवलं काय म्हणता? पासपोर्ट?" मी म्हटलं, त्याहून वाईट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मी आल्यावर बघतो, तुम्ही तोवर तिथली कॉफी घ्या ना, फुकट आहे."

माणसाने अंतराळात कॉफी केली आहे. मे २०१५ मध्ये समांथा क्रिस्तोफोरेत्ती या इटालियन अंतराळवीरबाईंनी अवकाश स्थानकावर एस्प्रेसो यंत्रातली कॉफी प्यायली. तिथे पाणी खाली पडत नाही, वाफ वर जात नाही, कपसुद्धा वेगळ्या आकाराचा लागतो. तरी जमलं. आणि इथे मी, पायाखाली बंदर, समोर इटली, अन् माझा फिल्टर भांडी घासायच्या यंत्रात.

संध्याकाळी केबिन आवरणारा आला. पंचविशीचा पोरगा. चार वेळा "गुड इव्हिनिंग सर" म्हणून झाल्यावर त्याने ट्रॉलीतून टॉवेलखालचा फिल्टर काढला आणि म्हणाला, "काका, ह्यो तुमचोच मां?"

कुडाळचा होता. भांडी घासायच्या खात्यात हे काय आहे म्हणून चर्चा झाली होती. कुणी म्हणालं अत्तराचं यंत्र, कुणी म्हणालं राखेचा कलश. याने बघताच ओळखलं, कारण बोटीवर येण्याआधी पणजीत उडप्याच्या हॉटेलात होता. फिल्टर इतका घासला गेला होता की जाळीतली वर्षानुवर्षांची काळी पुटं गेली होती. हिला तो फार आवडला. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ड्यूटी सुरू व्हायच्या आधी, तो थर्मासमधून कुठूनसं खळखळतं पाणी घेऊन आला. डिकॉक्शन उतरलं. दूध डब्यांतलंच, पण गरम केलेलं. प्रवाशांच्या खोलीत बसायची त्यांना परवानगी नसते, म्हणून तो दारातच उभा राहिला. मी डबरा-टंबलर पुढे केला तर त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि कॉफी वरून खाली ओतली, पुन्हा वर उचलली, पुन्हा ओतली. हातभर लांब धार. रात्रीपासून समुद्र खवळला होता, हँगर कपाटात आपटत होते, हिने पलंगाचा कठडा धरला होता. धार जराही हलली नाही. त्याने आधी आम्हाला दिली, मग स्वतः उभ्याउभ्या घेतली, टंबलर ओठाला न लावता. काही बोलला नाही. जाताना विचारलं, थोडी पूड मिळेल का, खाली मेसमध्येही हेच यंत्र आहे. न्हाणीघरात अंघोळीच्या प्लास्टिक टोप्या असतात, त्यातल्या एकीत हिने त्याला पूड बांधून दिली. मी चार चमचे म्हणालो होतो. तिने हाताला लागेल तेवढी दिली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ती कॉफी चांगली होती, पण माटुंग्याची नव्हती. काहीतरी बोथट होतं. पुढे कुकुमेलावाला इंजिनियर जिन्यात भेटला, त्याच्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, कॉफीला काय दोष देता, पाणी बघा. बोटीवरचं बरंचसं गोडं पाणी समुद्राचं केलेलं असतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी घ्यायचं, इंजिनाच्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी करून उकळायचं, वाफेचं पाणी करायचं. किंवा बारीक पडद्यातून दाबून गाळायचं. मीठ जातं, पण त्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियमही जातं, आणि कॉफीच्या पुडीतून चव ओढून काढायचं काम तेच करतात. म्हणून मग चुनखडीसारख्या खनिजातून पाणी परत नेतात, आणि रोगराई नको म्हणून क्लोरीन घालतात. कॉफीवाल्यांच्या हिशेबाने चांगल्या पाण्यात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार हवेत. "इथे पाणी पिण्यासाठी करतात," तो म्हणाला, "कॉफीसाठी नेपल्सला थांबा."

गंमत अशी की हाच समुद्र एकेकाळी कॉफी सुधारायचा. शिडाच्या जहाजांतून मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला महिनोन् महिने लागत. दमट हवेने बिया फुगायच्या, फिकट पिवळ्या पडायच्या, आंबटपणा मरायचा. युरोपियनांना तीच चव लागली. पुढे १८६९ साली सुएझ कालवा झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. आता मंगळूरच्या किनाऱ्यावर गोदामांत पावसाळी वारा खाऊ घालून मुद्दाम तशी कॉफी करतात आणि 'मॉन्सून्ड मलबार' म्हणून विकतात. तेव्हा दोष समुद्राचा नाही. दोष पिशवीतल्या अर्काचा.

नेपल्सला ही गटाबरोबर पाँपेईला गेली. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडलेलं शहर आहे ते. आणखी एक दिवस थांबायला त्याची हरकत नव्हती. मी बंदरापासून चालत पहिल्या बारमध्ये शिरलो. उभ्यानेच प्यायची. आधी पाण्याचा छोटा ग्लास येतो, तो कॉफीनंतर नाही, आधी प्यायचा, जीभ धुवायला. मग चटका बसेल असा कप, तळाशी दोन घोट काळंभोर, वर दाट तांबूस साय. बिल युरोच्या आसपास. बोटीवरच्या एका कपात मी इथे तीन घेतल्या असत्या, आणि घेतल्या. तिथे एक जुनी रीत आहे, काफे सोस्पेझो: आपली एक प्यायची आणि दोनीचे पैसे द्यायचे; दुसरी जो गरजू येईल त्याची. मी दोनीचे दिले. हिला सांगितलं तर तिने मला ताप आहे का ते बघितलं.

केटल बार्सिलोनाला परत मिळाली, पावती दाखवून, जशीच्या तशी.

तेव्हा तुम्ही क्रूझवर जाणार असाल तर केटल नेऊ नका, ती जप्त होते. फिल्टर चालतो, टेबलावरून डोळा हलवू नका. डेक चौदावर कोको घ्या. आणि कॉफीची पावडर लागेल त्यापेक्षा पाव किलो जास्त न्या, मागणारे भेटतात.