उकिरड्याची बारा वर्षं

सकाळी साडेसातला गाणं वाजतं आणि आमच्या गल्लीत पळापळ सुरू होते. आरती चुकली तर देव सांभाळून घेतो. हे गाणं चुकलं तर पुढचे दोन दिवस घरात परवाच्या मेथीचा वास. गावाचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यात सहा नगरपरिषदा आणि पाच नगरपंचायती आहेत. ज्याच्या डोक्याला टोपी बसेल त्यानं घालून घ्यावी.

आमच्या घरी दोन बादल्या आहेत. ओल्याला हिरवी, सुक्याला निळी. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितलं होतं, हे मी एकदा पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पस्तावलो. तेव्हापासून चहात पडलेला बिस्किटाचा पुडा ओला की सुका, यावर आमच्या संसारात जेवढी चर्चा झाली तेवढी पोरीच्या लग्नावरही झाली नाही. घातक कचऱ्याला तिसरी बादली मिळाली नाही, म्हणून संपलेले सेल, गेलेले बल्ब आणि मुदत टळलेल्या गोळ्या मंडळींनी लोणच्याच्या जुन्या बरणीत घातल्या. ती बरणी न्यायला अजून कुणी आलेलं नाही. लोणचं मुरतंय.

कचऱ्याच्या गाडीलाही दोन कप्पे आहेत, मधे पत्रा. एकदा मंडळींनी दोन्ही बादल्या पुढं केल्या आणि म्हणाल्या, "दादा, वेगवेगळं केलंय बरं का."

"लई चांगलं केलं ताई," म्हणत दादानं दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात पालथ्या केल्या.

"अहो, मग दुसरा कप्पा कशाला?"

"हा भरल्यावर लागतोच की."

याला काय उत्तर देणार? त्याचा पगार वेळेवर होतो का, हातमोजे कधी मिळाले होते का, हे विचारायचं धाडस मंडळींना झालं नाही. मलाही नाही.

मला नवल वेगळंच वाटतं. वर्गीकरणात आमच्या जिल्ह्याचा हात धरणारा कुणी नसावा. नवा माणूस गावात आला की आडनाव, मूळ गाव आणि मामाकुळ एवढ्या तीन प्रश्नांत आम्ही त्याला बरोबर त्याच्या कप्प्यात टाकतो. गेल्या दोन-तीन वर्षांत तर हॉटेलं, दुकानं, डॉक्टरसुद्धा वेगवेगळे करून झाले. माणसांच्या बाबतीत ओलं आणि सुकं चुकूनही एकत्र होऊ न देणारे आम्ही, कांद्याच्या सालीच्या बाबतीत मात्र एकदम सर्वधर्मसमभावी होतो.

तक्रार करावी तर नगरसेवकच नव्हते. 2021 च्या अखेरीला पालिकांच्या मुदती संपल्या आणि थेट डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली. मधली चार वर्षं प्रशासकांची. त्या काळात एका साहेबांना भेटलो होतो. साहेब सज्जन होते, चहा पाजला. प्लास्टिकच्या कपात पाजला. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च 2018 मध्येच निघाली होती, पण आलेल्या चहाला नाही म्हणू नये. ते म्हणाले, "वर्गीकरणाला माणसंच मिळत नाहीत हो इथं."

खरं आहे. ती माणसं पुण्याला आहेत. दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी पुण्याला गेलेल्या कितीतरी बाया तिथं काचपत्रा वेचायला लागल्या. 1993 मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, ओळखपत्रं आली, पुढं त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. म्हणजे कचरा कसा निवडायचा हे शिकायला आम्हाला जपानला जायची गरज नाही. शिवाजीनगरच्या एसटीत बसलं की झालं.

जपानला नको तर वेंगुर्ल्याला जाता येईल. सिंधुदुर्गातल्या त्या बारा-तेरा हजार वस्तीच्या गावानं, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा डेपोचं पर्यटनस्थळ केलं. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. लोक डेपो बघायला जातात! आमच्याकडून अभ्यासदौरा निघाला तर तोही जाईल, आणि काजूची पाकिटं घेऊन सुखरूप परत येईल.

आमच्या जिल्ह्याला कचऱ्याचं मोल कळत नाही असं मात्र म्हणू नका. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख बघा. कोळसा जळाल्यावर उरते ती, म्हणजे कचराच. पण वीटभट्टीला लागते, सिमेंटला लागते, म्हणून तिला भाव आहे. ती उचलायला कधी गाणं वाजवावं लागलं नाही, बादल्या वाटाव्या लागल्या नाहीत, कुणा अभिनेत्याला स्वच्छतादूत नेमावं लागलं नाही. उलट ती उचलायची कुणी, यावरून काय काय होऊ शकतं ते उभ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. तेव्हा पालिकेला माझी नम्र सूचना आहे: बटाट्याच्या सालीला टनामागं भाव बांधून द्या आणि मग डेपोवर बंदोबस्त लावा.

पुनर्वापराचं म्हणाल तर फ्लेक्स घ्या. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात आठ दिवस टिकतो. मग तो रात्रीतून खाली येतो आणि कडब्याच्या गंजीवर चढतो. परवा गेवराईकडं जाताना एका शेतात 'भावी आमदार' दोन्ही हात जोडून कडब्यावर उताणे पडलेले दिसले. वरून पाऊस चालू होता, खाली कडबा कोरडा. शेतकऱ्याला असा आधार निवडून आलेल्यांपैकी कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

आणि शून्य कचऱ्याचं बक्षीस द्यायचंच असेल तर ऊसतोडीच्या कोयत्याला द्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळी झाली की जिल्ह्यातले लाखो लोक कारखान्यांकडं निघतात, ते पाच-सहा महिन्यांनी परततात. चार भांडी, दोन वाकळी, एक पेटी. कोपी पाचटाची नाहीतर फाटक्या ताडपत्रीची, उसाचं वाढं बैलाला, उरलेलं विकायला, चुलीला पाचट. टाकून द्यावं असं त्यांच्याजवळ काही नसतंच. पर्यावरणदिनाच्या भाषणात ज्याला 'जबाबदार जीवनशैली' म्हणतात ती हीच असावी. फक्त ती कुणी आपखुशीनं पत्करलेली नाही, म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही.

आता बिंदुसरेकडं येऊ. ही नदी पाटोद्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, पालीला तिच्यावर धरण आहे, आणि पुढं ती बीड शहराच्या मधून जाते. एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला पेठ बीड. पुलावर स्कूटर बाजूला घ्यायची, इकडंतिकडं बघायचं, काळी पिशवी कठड्यावरून सोडायची आणि हात जोडायचे. काहींचा नमस्कार आधी होतो. 1989 च्या जुलैत हीच नदी पूर होऊन घरात शिरली होती, तेव्हाचे जाणते लोक अजून तारीख सांगतात. पण पिशवी सोडताना तारीख कुणाला आठवते?

पिशवी कुठं जाते ते ऐका. बिंदुसरा जाते सिंदफणेला. सिंदफणा जाते माजलगावच्या धरणात. आणि माजलगावच्या धरणातून पाईपलाईन येते बीडला, पिण्याच्या पाण्याची. मधे शुद्धीकरण आहे, मान्य. ते आहे म्हणून तर मी हे लिहायला आणि तुम्ही वाचायला शिल्लक आहोत. पण मोठमोठ्या शहरांनी कोट्यवधी खर्चून जे पुनर्चक्रीकरण उभारलं ते आम्ही केवळ उतारावर साधलं. पुलावरून टाकायचं, नळाला भरून घ्यायचं. जे दिलं ते परत. इतका सचोटीचा व्यवहार जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही.

आमची आजी म्हणायची, बारा वर्षांनी उकिरड्याचीसुद्धा दैना फिटते. तिच्या काळी ते खरंच होतं. दारचा उकिरडा म्हणजे घरची दौलत. शेण, राख, खरकटं, पालापाचोळा सगळं त्यात कुजायचं आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जायचं. आता उकिरड्यात निम्म्या कॅरीबॅगा निघतात, त्या पेरून काही उगवत नाही. तरी आजीच्या हिशेबावर माझा विश्वास आहे. स्वच्छ भारत अभियान सुरू झालं 2 ऑक्टोबर 2014 ला. त्याचा दुसरा टप्पा 2021 मध्ये आला, त्यात 2026 पर्यंत शहरं कचरामुक्त करायचं ठरलं. बोटं मोजा: 2 ऑक्टोबर 2026 ला बारा वर्षं भरतात. सरकार आणि म्हण यांची तारीख एकच निघावी, हा योग काही साधा नाही.

मंडळींनी दोन्ही बादल्या घासून तयार ठेवल्यात. बरणीही. बीडकरांनी तोवर पाणी उकळून प्यावं.