गुलाबी म्हणायचं नाही

दिवाळीला दोन महिने उरले की प्रत्येक सोसायटीत एक शेडवाला उगवतो. आमचा वरच्या मजल्यावर राहतो. सरकारी बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं पिवळ्या भिंतींची बिलं मंजूर करून निवृत्त झालेला माणूस. उपासमार झाली असणारच. आम्ही त्यांना साहेब म्हणतो.

यंदा साहेबांनी दिवाणखान्याला ‘डस्टी पिंक’ ठरवला. “म्हणजे गुलाबीच ना?” मी विचारलं, आणि चहावर साय धरेपर्यंत ऐकून घेतलं. गुलाबी असतो बुढ्ढी के बालचा. हा म्हणजे गुलाबी खरा, पण त्यात चिमूटभर राख. दिसला पाहिजे, पण दिसतोय असं वाटता कामा नये.

पेंटर बिचारा सरळ. “पांढऱ्यात रेड ऑक्साईड आणि थेंबभर काळा स्टेनर टाकतो, इथंच बनवून देतो,” म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो पुलाच्या सिमेंटमध्ये राख मिसळतोय. रंग मशीनवरच काढायचा, कोड नंबरासकट!

मग भिंतीवर फूट-फूट लांबीरुंदीचे नऊ चौकोन निघाले. साहेब सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला समोर उभे राहून डायरीत नोंदी करत. यातलं शास्त्र खोटं नाही, हे कबूल करायला हवं. उत्तरेच्या खिडकीतून निळसर उजेड येतो, त्यात हा रंग राखाडी पडतो. पिवळ्या बल्बखाली तोच पीचकडे झुकतो, आणि पांढऱ्या ट्यूबखाली आजारी दिसतो. शिवाय कार्डावरचा बोटभर तुकडा चार भिंतींवर गेला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो गडद वाटू लागतो. पण हे सगळं आठवडाभर, सोफा गॅलरीत आणि टीव्ही चादरीत असताना ऐकायचं, म्हणजे साहेबांच्या बायकोची, काकूंचीच कमाल.

काकू रत्नागिरीकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता : “सोलकढी आहे. चार नंबरला आमसुलं कमी पडलीत.”

साहेबांनी शेवटचं अस्त्र काढलं. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलला नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली होती आणि म्हणे कैदी शांत झाले. (पुढच्या प्रयोगांत ते काही नीट सिद्ध झालं नाही, हे साहेबांनी गिळलं. शिवाय तो गुलाबी चांगला भडक होता.)

“तुम्ही रंगवलीत कोठडी,” काकू म्हणाल्या. “आता शांत बसा.”

अखेर सहा नंबर लागला. दोन हात झाले, सोफा आत आला, आणि पहिले पाहुणे म्हणून व्याही आले. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली, पसंतीची मान हलवली आणि म्हणाले, “वा, प्रायमर मस्त बसलाय. रंग कधी देताय?”

साहेब दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

उरलेला अर्धा लिटर रंग आता स्वयंपाकघराच्या माळ्यावर, आमसुलांच्या बरणीशेजारी आहे. डब्यावर साहेबांच्या इंजिनिअरी अक्षरात कोड नंबर, तारीख, कंपनी. त्याखाली काकूंचं अक्षर : ‘सोलकढी. पिऊ नये.’